उतरलेल्या वजनाचा खुलासा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत वजन वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही. ते वाढतं. लोक कौतुकानं "अंगानं भरला" म्हणतात, शिंपी पँटीच्या आतलं दाबलेलं कापड सोडून देतो आणि विषय संपतो. वजन उतरलं, की मात्र माणसाला खुलासा द्यावा लागतो. शिरूरच्या बाजारात ओळखीचा कुणीतरी वाटेत आडवा येतो, चपलेपासून टोपीपर्यंत नजर फिरवतो आणि म्हणतो, "काय ओ, लई वाळलात? दुखणं काढलं काय?" नाही म्हटलं तर आवाज खाली आणून, "मग एकदा तपासून घ्या." दुसरा सोसायटीचं कर्ज थकलंय का ते विचारतो. तिसरा काहीच विचारत नाही. तो परस्पर आपल्या घरी जाऊन सून नीट वाढते का, याचा अंदाज घेतो.

वजन उतरवण्याच्या पुस्तकांत मनाची तयारी, आहार आणि व्यायाम अशा तीन गोष्टी सांगितलेल्या असतात. तिन्ही बरोबर आहेत. फक्त ती पुस्तकं असं धरून चालतात, की माणसाचं शरीर त्याच्या एकट्याच्या नावावर असतं. आमच्याकडे त्या सातबाऱ्यावर आई, बायको, बहिणी, मामा, मावश्या, सासुरवाडी आणि भावकी अशी सामाईक नावं लागलेली असतात. त्यातला काही भाग एकट्यानं उठून कमी करायचा म्हटलं, की हरकती येणारच.

खाऊ घालण्याची ही हौस आजची नव्हे. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. तिथं १८०९ साली कर्नल वॉलेस नावाचा साहेब वारला. आजूबाजूच्या गावांतले लोक त्याला सत्पुरुष मानू लागले आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापुढं ठेवू लागले, अशी नोंद १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. परमुलखातला, परधर्माचा आणि वर मेलेला माणूस जिथं न जेवता राहू शकला नाही, तिथं जिवंत जावयानं "मी रात्रीचं जेवण सोडलंय" म्हणावं, याला धाडस म्हणतात.

ते धाडस आमच्या दाजींनी केलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्काला शिरूरहून दौंड तालुक्यात, भीमेकाठी दिलेली. दाजींची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, आकडा लिहायचा, रिकामा परत आला की पुन्हा घ्यायचा, मधला फरक म्हणजे ऊस. दुसऱ्याच्या वजनावर आयुष्यभर नजर ठेवलेल्या या माणसाला स्वतःचं वजन निवृत्तीच्या सुमारास डॉक्टरनं सांगितलं. ८५ किलो. उंची १६८ सेंटीमीटर.

डॉक्टर म्हणाले, "आपल्या भारतीय बांध्याला या उंचीला ६५च्या पुढं वजन जास्त, ७०च्या पुढं लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या आत पाहिजे, बाईला ८०च्या. तुम्ही वीस किलो कमी करा."

दाजींना रक्तदाबाच्या आकड्यानं काही वाटलं नव्हतं. हा आकडा मात्र झोंबला. "वीस किलो? अहो, उसाला पाचटापोटी वजावट धरतात तीसुद्धा एखाद्या टक्क्याची. तुम्ही चौथा हिस्सा मागताय!"

तरी त्यांनी मनावर घेतलं. घरी काटा नव्हता, म्हणून ओळखीनं पुन्हा कारखान्यात गेले आणि ट्रकच्या काट्यावर उभे राहिले. एवढ्या मोठ्या पत्र्यावर धोतरातला एकटा माणूस, आणि केबिनमधून त्यांच्या हाताखाली तयार झालेला पोरगा ओरडतोय, "नव्वद!" दाजी उतरले, शेजारच्या बाभळीआड जाऊन आले, पुन्हा चढले. "ऐंशी!" बाभळीआडच्या एका फेरीत दहा किलो. ट्रकच्या काट्याला दहा किलोच्या खालचं काही दिसत नाही. ८५च्या किंचित वर असलं की नव्वद, किंचित खाली आलं की ऐंशी. हे दाजींइतकं कुणाला माहीत असणार? पण आकडा आपल्या बाजूनं पडला की तपासायचा नसतो, हा काट्यावरचा जुना रिवाज. त्या दिवशी दाजींनी काट्यावरच्या सगळ्यांना चहा पाजला. बरोबर भजीही होती.

व्यायाम म्हणून पहाटे चालायचं ठरलं. त्यासाठी दौंडमध्ये लेकाकडं मुक्काम. आता दौंडमध्ये पहाटे चालणं ही मानहानीची गोष्ट आहे. इथं राज्य राखीव पोलीस दलाचे ५ आणि ७ क्रमांकाचे गट, जवळच नानवीजला त्यांचं प्रशिक्षण केंद्र. त्यात भरतीची तयारी करणारी दोन्ही तालुक्यांतली पोरं अंधार असतानाच रस्त्यावर उतरतात. त्यांना १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारायचे असतात, तेव्हा कुठं पैकीच्या पैकी गुण. छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवून पाच जास्त भरावी लागते. दाजींचं सगळं माप याच्या बरोबर एक वीत खाली भरायचं आणि ते फुगवावं लागत नसे. पोरं मागून येत, "काका, साइड!" म्हणत, अन् दाजी साइड देईपर्यंत परतीच्या फेरीला लागलेली असत. पोरींचं ८०० मीटरचं टोळकंही एकदा असंच दोन्ही बाजूंनी निघून गेलं. दाजी म्हणाले, "ह्यांना सरकार पगार देणार आहे. आपल्याला कोण देतंय?" आणि बाकावर बसले.

बाकाचं एक बरं असतं. तिथं आणखी चौघं असतात आणि समोर चहाची गाडी असते. गाडीवर गुळाचा चहा. गूळ म्हणजे दौंड तालुक्याची शान; केडगाव-पारगावच्या बाजूला रस्त्यानं जाताना गुऱ्हाळांचा वासच सांगतो की आपण कुठं आलो. त्यामुळं साखर वाईट आणि गूळ औषधी, यावर इथं दुमत नाही. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी आणि गुळात पावणेचारशेच्या आसपास, हे मी एकदा त्या बाकावर बोललो. सगळे माझ्याकडे पाहुण्याकडं पाहतात तसे पाहू लागले. एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "ती केमिकलवाल्या गुळाची असंल. हा सेंद्रिय आहे." तासभराच्या चालण्यानं दाजींच्या वजनाच्या माणसाच्या अडीचशे-तीनशे कॅलरी जळतात, आणि किलोभर चरबी जाळायला साधारण ७७०० लागतात. दाजी चालायचे वीस मिनिटं. गुळाचे चहा दोन, कधी तीन. बाजरीचंही असंच. भाकरीनं वजन उतरतं हे कुणीतरी सांगितल्यापासून अक्कानं चपाती बंद केली. बाजरीत तंतू जास्त, पोट भरल्यासारखं लवकर वाटतं, हे खरं. पण आमच्याकडची भाकरी परातीएवढी, वर लोण्याचा गोळा, आणि बरोबर हुलग्याची शेंगोळी किंवा मासवडीचा रस्सा असला, की पोट भरलंय हे मनाला कळवायला तंतूंना उशीर होतो.

बाकावरच दोन पॅनेलं होती. महाराष्ट्रात जिथं जिथं सकाळी माणसं चालतात तिथं ती आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं: डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभं राहिलेलं. दिवसातून दोनदाच, भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवण उरकायचं, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसरं ऋजुता दिवेकरांचं: थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळानं, आपल्या भागात पिकतं ते, आजी करायची तसं, तुपासकट. दोन्हींमध्ये सांभाळायचं पथ्य आहे. नुसती घोषणा पुरत नाही. पण आमच्याकडं पॅनेल म्हटलं की उमेदवार कोण आणि विरोधात कोण, एवढंच पाहतात. सरपंचकीला जे एकीकडं होते ते दीक्षितांकडं गेले, म्हणून बाकीचे आपोआप दिवेकरांकडं. दाजी दोन्हींकडं चहा घ्यायचे. शेवटी आकड्यांचा माणूस. ५५ या आकड्यावर त्यांचं मन बसलं.

आणि मग लग्नसराई आली.

आमच्या भागातल्या लग्नाची कल्पना नसलेल्यांसाठी सांगतो. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटं असा छापतात, आणि तो पाळला जाईल असं भटजींनाही वाटत नाही. कारण मंगलाष्टकांच्या आधी शुभाशीर्वाद असतात. आजी आमदार, माजी आमदार, होऊ घातलेले आमदार, सभापती, कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे संचालक, पतसंस्थेचे अध्यक्ष. प्रत्येक जण "वेळेअभावी दोनच शब्द" म्हणून माइक धरतो. नवरा-नवरी अंतरपाटाच्या आशेनं उभी. मुलीच्या आजोबांनी विकास सोसायटीत काय काय केलं इथून सुरुवात होते आणि कालव्याच्या आवर्तनावर येऊन गाडी थांबते. मध्येच आणखी एक गाडी फाट्यावर आल्याचा निरोप येतो, की निवेदक पुन्हा सगळ्यांची नावं पहिल्यापासून घेतो.

दाजी मांडवात शिरले तेव्हा पोरांनी हातात पन्ह्याचा ग्लास दिला. दाजींनी घेतला आणि मग थबकले. दीक्षितांच्या हिशेबानं गोड घोट पोटात गेला, की इन्सुलिन सुटलं, म्हणजे जेवण सुरू. घड्याळ पाहिलं: १२ वाजून १० मिनिटं. म्हणजे १ वाजून ५ मिनिटांपर्यंत जेवण संपवणं भाग. १ वाजून ५ मिनिटांनी जिल्हा परिषदेचे एक माजी सदस्य पाणलोट क्षेत्राबद्दल बोलत होते. दाजी माझ्या कानाशी म्हणाले, "माझं एक जेवण पन्ह्यात गेलं." पहिली पंगत बसली तेव्हा पावणेदोन झाले होते. दाजी खुर्चीवरून हलेनात. तेवढ्यात वधूचे चुलते आले. त्यांनी हात जोडले नाहीत, त्यांनी दाजींचं मनगट धरलं. "पाव्हणं, आमचं काही चुकलं असंल तर बोला. पण उपाशी जाऊ नका." मनगट धरलेल्या माणसाला इन्सुलिन समजावून सांगता येत नाही. दाजी उठले आणि त्यांनी दिवसाचं दुसरं जेवण सुरू केलं. मसालेभात, वांग्याची भाजी, मठ्ठा, जिलेबी. चुलते शेजारी उभे राहून वाढप्याला नजरेनं खुणावत होते. पान रिकामं दिसलं तर त्यांच्या घराण्याला कमीपणा. तीन वाजता दाजींचा दिवसाचा कोटा संपला. रात्री अक्कानं नुसतं "दूधभात तरी" म्हटलं. त्यातल्या "तरी"पुढं कुठलंच पॅनेल टिकलेलं नाही.

मला वाटतं, या आग्रहाला हसताना थोडं जपून हसावं. दाजींच्या आई नव्वदीच्या आहेत. १९७२च्या दुष्काळात त्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. मजुरीबरोबर मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांना आणायच्या, आणि मिलोच्या लाल भाकरी थापायच्या. त्यांच्या लेखी पुरुषाची गालफडं बसली याला एकच अर्थ आहे आणि तो त्यांनी एकदा पाहिलेला आहे. नंतर कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, पोरांच्या अंगावर मांस आलं. ते मांस हीच त्यांची शिल्लक. आता डॉक्टर म्हणतो ती काढून टाका. त्या काही बोलत नाहीत. दाजींच्या ताटाजवळून जाताना हात तेवढा तुपाच्या वाटीकडं जातो.

घरी जमत नाही म्हटल्यावर दाजी उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात गेले. दौंड-पुणे गाडीत बसलं की पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत आणि मग उरुळी, लांब नाही. मार्च १९४६ मध्ये गांधीजी इथं आठवडाभर राहिले आणि त्यातून हा आश्रम उभा राहिला. पुढं मणिभाई देसाईंनी तो आयुष्यभर सांभाळला. आधी गांधीजींच्या मनात पुण्यातच काही करायचं होतं. पण उपचार गोरगरिबांसाठी, तर ते शहरात कशाला, म्हणून ते खेड्यात आले. माती, पाणी, ऊन, साधं अन्न आणि रामनाम, एवढीच औषधं. कारण गावाला परवडेल ते एवढंच होतं. अन्न पुरत नाही म्हणून आजारी पडणारा गाव त्यांच्या डोळ्यांपुढं होता. त्याच गावाच्या पुढच्या चार स्टेशनांवरचा बागायतदार आता तिथं अन्न जास्त झालं म्हणून पैसे भरून उपाशी राहायला जातो. गांधीजी असते तर त्यांनी आधी त्याच्या उसाला किती पाणी लागतं ते विचारलं असतं, असा माझा संशय आहे.

दाजींना मात्र तिथं मानवलं. पोटावर मातीची पट्टी, वाफ, मालिश, उकडलेल्या भाज्या, फळांचा रस, वेळेवर झोप. मुख्य म्हणजे मनगट धरणारं कुणी नव्हतं. "तिथं कुणी वाढतच नाही रे," ते मला फोनवर म्हणाले. आवाजात दुःख होतं की सुटका, ते कळलं नाही. परत आले तेव्हा साध्या काट्यावर तीन-साडेतीन किलो उतरलेले. पहिल्या आठवड्यात उतरतं त्यातलं बरंचसं पाणी असतं, खरी चरबी पुढं सावकाश जाते. पण चेहरा आधी उतरतो, आणि आमच्याकडं चेहरा वाचतात.

पाटसला पोचेपर्यंतच तिघांनी खुलासा मागितला. गावात आल्यावर तर रीघ लागली. भावकीतल्या एका म्हातारबांनी वावर विकायचं असलं तर आधी घरात विचारा, असं बजावलं. शिरूरहून माझ्या आईनं लाडवांचा डबा धाडला. अक्का रडायचीच राहिली होती. "लोक मला बोलायल्यात" म्हणाली. शेवटी दाजींनी तोडगा काढला. निरोगी माणसाला जिलेबी नाकारता येत नाही, पण रोग्याला येते. त्यांनी सांगून टाकलं, "थोडी शुगर निघालीय."

काय गुण आला म्हणून सांगू! एका दिवसात आग्रह थांबला. लग्नात वाढपी ओलांडून जाऊ लागला. चुलत्यांनी मनगटाऐवजी खांदा धरला आणि "जपा" म्हणाले. जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस, कडूनिंबाचा पाला येऊ लागला, पण ते पिशवीत भरून पलीकडं ठेवता येत होतं. यवतला तुकोबांची पालखी आली तेव्हा गावच्या पिठलं-भाकरीच्या पंगतीतून दाजी एका भाकरीवर उठले आणि कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी वारीबरोबर पाटसवरून रोटी घाट चढले. घाटाचं नावच रोटी. पण दाजी चढले, न थांबता. त्यांना चालणं आवडायला लागलं होतं. मधली बाकं त्यांनी टाकली, उसळी वाढवल्या, गुळाचा चहा एकावर आणला. काटा ७८वर आला.

आणि दाजींच्या धाकट्या लेकाला मुलगी सांगून आली. शिरूरकडचीच, पाबळच्या पलीकडची. मुलगी पदवीधर, घराणं तोलामोलाचं, पत्रिका जुळली. बैठकीच्या दिवशी मुलीच्या मामांनी घसा खाकरला. "बाकी सगळं पसंत आहे. फक्त... ऐकलं की घराण्यात शुगर आहे."

खोलीत शांतता. दाजी म्हणाले, "नाही, नाही. तसं काही नाही."

"मग दुखणं काय आहे? माणूस वाळतोय म्हणत्यात."

"दुखणं नाही. मी मुद्दाम कमी केलंय."

मामांनी आपल्या भाऊबंदांकडं पाहिलं. असलं उत्तर त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझ्याकडं रक्ताचा रिपोर्ट होता, मी तो पुढं केला. मामांनी तो उलटा-सुलटा करून चष्म्याच्या घराखाली ठेवला. आतून दाजींच्या आईंनी हाक मारली आणि अक्का जिलेबीचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं ते कुणापुढं फिरवलं नाही, सरळ दाजींपुढं ठेवलं.

दाजींनी पहिली उचलली. मामा बघत होते. दुसरी. तिसरीला मुलीचे वडील थोडे सैल होऊन तक्क्याला टेकले. चौथीला दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. पाचवी संपली तसे मामा उठले, त्यांनी दाजींचं मनगट धरलं आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माणूस ठणठणीत आहे! फोडा सुपारी. अन् पाव्हण्यांना अजून वाढा की."